आकडे एकीकडे, आयांचं बोलणं दुसरीकडे: यांची गाठ कुठं घालायची?

पत्र: मी सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नवजात शिशूंच्या कक्षात, एसएनसीयूत, स्टाफ नर्स आहे. सध्या डेप्युटेशनवर एम.एस्सी. नर्सिंग करतेय. विषय घेतलाय कमी वजनाच्या बाळांच्या आयांचं कांगारू मदर केअरबद्दलचं (केएमसी, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवणं) ज्ञान. साठ आयांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, मग शिकवायचं, मग पुन्हा तीच प्रश्नावली, असा बेत होता. गाइड मॅडम म्हणाल्या, "हे सगळेच करतात, तू मिक्स्ड मेथड कर." मी शेवटी दहा आयांच्या मुलाखती जोडून सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) परत नेला, तर म्हणाल्या, "हे मिक्स्ड मेथड नाही." मग आहे तरी काय? पुस्तकं वाचली की गोंधळ वाढतोच. आधी प्रश्नावली घ्यायची की मुलाखती? मुलाखती किती घ्यायच्या? आणि मी त्याच वॉर्डातली सिस्टर, तर आया मला खरं सांगतील का?
— एक सिस्टर, मिरज

प्रिय सिस्टर,

तुमच्या गाइड मॅडम बरोबर बोलल्या, फक्त पुढचं वाक्य सांगायचं राहिलं. साठ प्रश्नावल्या आणि दहा मुलाखती एका बाइंडिंगमध्ये घातल्या की मिक्स्ड मेथड होत नाही. चौथ्या प्रकरणात टेबलं, पाचव्यात आयांची वाक्यं आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, असे प्रबंध मी पुष्कळ वाचलेत. ते एकाच कव्हरातले दोन अर्धे अभ्यास असतात. मिक्स्ड मेथडमध्ये, म्हणजे मिश्र पद्धतीत, आकडे आणि बोलणं यांची कुठंतरी गाठ पडावी लागते, आणि ती कुठं पडणार हे पहिली प्रश्नावली भरून घेण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा आठवा. पोतं काट्यावर चढतं, वजन कळतं. पण व्यापारी हळकुंड मोडून आतला रंगही बघतो. वजनाची एक पावती आणि रंगाची दुसरी, असं कुणी करत नाही. दोन्ही बघून एकच भाव निघतो. तुमच्या प्रबंधात तो भाव कुठं निघणार, एवढंच मॅडम विचारत होत्या.

आता तुमच्या विषयाकडे येऊ, कारण विषय फार मोलाचा आहे आणि तुम्ही त्याचा सगळ्यात कोरडा भाग उचललाय. १९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी आणि जंतुसंसर्ग जास्त अशा अडचणीतून डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तिथून निघालेली ही गोष्ट २०२१ मध्ये एका मोठ्या चाचणीपर्यंत आली. ही चाचणी पाच देशांत झाली. त्यात भारतही होता आणि आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच, तब्येत स्थिर होण्याची वाट न बघता, कांगारू केअर दिलं. २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होतं, ते १२ टक्क्यांवर आलं. या नव्या गटातल्या बाळांना कक्षात दिवसाला सुमारे १७ तास छातीशी ठेवलं होतं, नेहमीच्या गटात जेमतेम दीड तास. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारसही दिवसाला ८ ते २४ तास, जमेल तितके जास्त, अशीच आहे.

म्हणजे बाळाला वाचवतात ते तास. ज्ञानाचे गुण वाचवत नाहीत. आणि तुमची प्रश्नावली मोजणार काय, तर गुण. तुम्ही छान शिकवाल, पोस्ट-टेस्टला गुण वाढतील, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येईल (म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत फरक लक्षणीय ठरेल) आणि निष्कर्षात "शिक्षण कार्यक्रम परिणामकारक" असं लिहाल. त्या संध्याकाळी वॉर्डात किती बाळं आईच्या छातीशी होती, हे त्या प्रबंधातून कुणालाच कळणार नाही. आपल्या नर्सिंग कॉलेजांत हा एकच साचा वर्षानुवर्षं चाललाय, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. वॉर्डात रात्रंदिवस उभं राहून जे आपल्या मुलींना दिसतं, ते या साच्यात उतरतच नाही.

म्हणून पहिला बदल हा करा. ज्ञानाची प्रश्नावली राहू द्या, पण तिच्यासोबत तास मोजा. इथं थोडं थांबते, कारण वाट चुकते ती इथंच. तास कुठून आणाल? बेडजवळच्या केएमसी चार्टवरून. तो चार्ट एकदा मन लावून वाचा. सकाळची पाळी २ तास, दुपारची २ तास, रात्रीची २ तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन पाळ्यांच्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच पेनानं, हँडओव्हरच्या आधी घाईत भरलेल्या. एखादी बाई दुपारी घरी जाऊन आलेली असते, तरी तिच्या नावापुढं २ तास. यात सिस्टरचा दोष काढायला मी बसलेली नाही. एका सिस्टरकडं किती बाळं असतात ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. पण तो आकडा जसाच्या तसा उचलून तुम्ही सरासरी काढलीत, तर पुढचं सगळं गणित त्या घाईवर उभं राहील. तेव्हा आठवड्यातले काही दिवस निवडा, त्यात एक-दोन रात्रीही धरा. दर तासाला फेरी मारा आणि त्या क्षणी बाळ छातीशी आहे की नाही, एवढंच टिपा. चार्टचा आकडा आणि फेरीचा आकडा शेजारी ठेवले की तुमच्या अभ्यासाचा पहिला खरा प्रश्न आपोआप समोर येईल.

आता "आधी काय?" याच्याकडं वळू. याची मुख्य तीन रूपं आहेत.

पहिलं, आधी आकडे, मग मुलाखती. आकड्यांत जे कोडं दिसलं ते आयांना विचारून उलगडायचं. दुसरं, आधी मुलाखती, मग आकडे. आया काय म्हणतात त्यावरून स्वतःची प्रश्नावली बांधायची आणि ती पुष्कळ जणींना द्यायची. तिसरं, दोन्ही एकाच सुमाराला गोळा करायचं आणि शेवटी समोरासमोर ठेवून पाहायचं. दुसरं रूप सुंदर आहे, पण नवं टूल, म्हणजे प्रश्नावली, बनवायचं, ते हवं तेच मोजतं का याची (व्हॅलिडिटीची) तज्ज्ञांकडून खात्री घ्यायची, पायलट (आधीचा छोटा सराव-अभ्यास) करायचा आणि मग खरा डेटा, एवढं सगळं दोन वर्षांच्या कोर्समध्ये बसवताना दमछाक होते. तिसऱ्यात प्रश्नावलीत जे मुद्दे तेच मुलाखतीत असावे लागतात, नाहीतर शेवटी जुळवायला काही उरत नाही. तुमच्यासाठी पहिलं बरं. तुमच्या हातात आधीच एक कोडं आहे: सगळं माहीत असलेली आई बाळाला छातीशी का ठेवत नाही? आणि त्याहून गोड कोडं: प्रश्नावलीत नापास झालेली आई दिवसभर बाळाला छातीशी धरून का बसते?

पुस्तकात तुम्हाला मोठ्या-लहान अक्षरांची आणि बाणांची खूण दिसली असेल आणि ती बघूनच घाबरायला झालं असेल. ती पद्धत रूढ केली जॅनिस मोर्स यांनी, १९९१ मध्ये. त्या मूळच्या नर्सच, म्हणून मला त्यांचं विशेष कौतुक. अभ्यासात ज्या पद्धतीवर भार जास्त, तिचं नाव मोठ्या अक्षरांत. जी साथ देते तिचं लहान अक्षरांत. एकामागून एक असेल तर मध्ये बाण, बरोबरीनं असेल तर अधिकचं चिन्ह. बस एवढंच. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये संख्यात्मक (आकड्यांचा भाग) मोठ्या अक्षरांत, पुढं बाण, मग गुणात्मक (मुलाखतींचा भाग) लहान अक्षरांत. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी विचारलं तर हे एका दमात सांगता आलं पाहिजे.

आता गाठ कुठं पडते ते बघा. तुमच्या अभ्यासात ती दोन ठिकाणी पडेल.

पहिली गाठ मुलाखतीसाठी आया निवडताना. "ज्या तयार झाल्या त्या दहा" असं लिहू नका. ज्यांची प्रश्नावली आणि तास तुमच्याकडं आहेत त्यांच्यातूनच निवडायच्या, आणि कोड्यानुसार निवडायच्या: गुण जास्त पण तास कमी असलेल्या काही, गुण कमी पण तास जास्त असलेल्या काही, आणि दोन्ही जुळणाऱ्या एक-दोन. सीमारेषा कुठं आखायची ते पायलटचे आकडे बघून आधीच ठरवून ठेवा. यात एक व्यवहाराची अडचण आहे आणि ती पुस्तकात सापडत नाही. तुमचं विश्लेषण होईपर्यंत आई डिस्चार्ज घेऊन जतला नाहीतर आटपाडीला पोचलेली असते. म्हणून पहिल्याच संमतीपत्रात "पुढं तुमच्याशी पुन्हा बोलायला संपर्क करू का?" हे कलम घाला आणि फॉलोअपच्या तारखेला मुलाखत ठेवा. बाळाच्या वजनाला ती येणारच असते. प्रत्येक आईला सांकेतिक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक प्रश्नावलीवर, तासांच्या तक्त्यावर आणि मुलाखतीवर राहू द्या. हा क्रमांक घालायचा राहून गेला तर नंतर कितीही हुशारीनं जुळवायला बसा, जुळणार नाही.

दुसरी गाठ निष्कर्षात. त्यासाठी एक जोडतक्ता करा, परदेशी लिखाणात त्याला जॉइंट डिस्प्ले म्हणतात. डाव्या रकान्यात आकडा, मधल्यात आयांचं बोलणं, उजव्यात दोन्ही मिळून काय कळलं. समजा डावीकडं आहे: ज्ञानाचे गुण २० पैकी १६, रोजचे तास ३. मधल्या रकान्यात तीच आई म्हणते, "सगळं समजलं हो सिस्टर, पण पुरुषमाणसांची ये-जा असते, उघडं कसं बसायचं?" दुसरी म्हणते, "सिझरचे टाके ओढतात, टेकायला काही नाही." तिसरी म्हणते, "रात्री डोळा लागला आणि बाळ खाली घसरलं तर?" आणि एखाद्या सासूबाईंचं म्हणणं असतं, "काचेत ठेवलंय ते बरं चाललंय की, कशाला काढता?" अशी वाक्यं तुम्ही ड्यूटीवर रोज ऐकता. मग उजव्या रकान्यात काय येईल? पडदा, मागं रेलता येईल अशी खुर्ची, बाळ बांधायचा पट्टा आणि सासूबाईंशी बोलणं. आणखी एक शिकवणी वर्ग त्या रकान्यात येत नाही. हा उजवा रकाना ना एकट्या प्रश्नावलीतून भरता आला असता, ना एकट्या मुलाखतीतून. मिश्र पद्धत का घेतली, याचं उत्तर तिथं लिहिलेलं असेल.

आणि आकडे एक सांगतात, आया दुसरं सांगतात, असं झालं तर घाबरू नका, लपवू तर मुळीच नका. चार्टवर ६ तास आणि आई म्हणते "एकदाच दिलं होतं छातीला", हा विसंवाद म्हणजे तुमच्या हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. कुठली बाजू खरी असा निवाडा लगेच करू नका. मोजायची रीत वेगळी होती का, आई आणि सिस्टर या दोघींच्या मनात "दिलं" याची वेळ वेगळी होती का, नोंद करणारी कोण होती, हे शोधा आणि जसं सापडलं तसं लिहा.

मुलाखती किती? संख्यात्मक भागाचा नमुना सूत्रानं निघतो. तिथं पायलटमधलं प्रमाणित विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) घेऊन संख्याशास्त्राच्या सरांकडं जा. साठ ही संख्या "सगळे घेतात म्हणून" नको. मुलाखतींचं गणित वेगळं. नवीन काही येईनासं झालं की थांबायचं, याला सॅच्युरेशन म्हणतात. २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या साठ स्त्रियांच्या मुलाखतींवरून एक पडताळणी झाली, त्यात बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन गेले होते. पण त्या स्त्रिया बऱ्याच एकसारख्या होत्या. तुमच्या आया दोन-तीन गटांतल्या असणार, म्हणून सिनॉप्सिसमध्ये १२ ते १५ लिहा आणि "सॅच्युरेशनपर्यंत" हे शब्द जोडा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो मला सगळ्यात आवडला, कारण तो प्रामाणिक आहे. नाही, आया तुम्हाला सगळं खरं सांगणार नाहीत. त्या वाईट म्हणून नव्हे. तुमच्या अंगावर युनिफॉर्म आहे आणि त्यांचं बाळ तुमच्या हातात आहे. "सिस्टर रागावतात" हे वाक्य ती सिस्टरलाच कशी सांगेल? तेव्हा मुलाखत बाळ घरी गेल्यावर, फॉलोअपला, साध्या साडीत किंवा ड्रेसमध्ये, वॉर्डाबाहेरच्या खोलीत घ्या. जमलं तर तुमच्या वॉर्डाशी संबंध नसलेल्या एखाद्या वर्गमैत्रिणीला मुलाखत घ्यायला शिकवा आणि तुम्ही तिच्या अभ्यासातल्या मुलाखती घ्या. सासूबाईंना प्रेमानं बाहेर बसवा, त्यांच्याशी हवं तर वेगळं बोला. मिरजेत तर अथणी, रायबाग, चिकोडीकडून आलेल्या आया असतात आणि जत भागातल्याही कितीतरी जणी घरात कन्नडच बोलतात. तिथं नवऱ्याला दुभाष्या करू नका. कन्नड येणारी एखादी बाई शोधा, आणि तिच्याकडूनही गोपनीयतेची सही घ्या. मराठी मुलाखतींचं कोडिंग (बोलण्यातले मुद्दे वेगळे काढून त्यांना नावं देणं) मराठीतच करा, इंग्रजीत न्यायची ती फक्त प्रबंधात घालायची वाक्यं. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, रंगीत पेनं आणि मोठा कागद पुरतो.

"तुम्हाला काही अडचण आली का?" असं विचारलंत तर "नाही" हेच उत्तर येईल. "काल सकाळी उठल्यापासून बाळाजवळ काय काय केलं, मला सांगा" असं म्हणा आणि गप्प बसा. आई थांबली तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका.

एक गोष्ट हात जोडून सांगते. काही बाळं वाचणार नाहीत. अशा आईकडं तुमच्या यादीत नाव आहे म्हणून फोन करू नका. आणि मुलाखतीत कुणी रडायला लागली तर रेकॉर्डर बंद करा, आधी तिच्याजवळ बसा. तिची इच्छा असेल तरच पुढं. समुपदेशनाची सोय कुठं आहे ते आधी विचारून ठेवा, एथिक्स कमिटीही हे विचारते. प्रबंधात "जत तालुक्यातली, जुळी मुलं, वय २३" असं लिहिलंत तर वॉर्डातली प्रत्येक सिस्टर तिला ओळखेल, तेव्हा खुणा पुसून लिहा.

एथिक्स कमिटीबद्दल एक बारकावा. तुमच्या मुलाखतीचे नेमके प्रश्न पहिल्या टप्प्याचे आकडे आल्यावरच ठरणार, पण कमिटीला ते आधी हवे असतात. म्हणून कच्ची प्रश्नसूची जोडा आणि "पहिल्या टप्प्यानंतर सुधारित सूची मंजुरीसाठी सादर केली जाईल" असं स्पष्ट लिहा. ती खरोखर सादरही करा. मंजुरीशिवाय बदललेल्या प्रश्नांनी एकही मुलाखत घेऊ नका.

हे सगळं वाचून झेपणार नाही असं वाटलं, तर शिकवणीचा कार्यक्रम काढून टाका. ज्ञान, तास आणि मुलाखती यांतच भरपूर काम आहे. शिकवणं, पोस्ट-टेस्ट आणि मुलाखती तिन्ही ठेवलेत तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुलाखती ऐकायलाच वेळ उरणार नाही, आणि न ऐकलेल्या मुलाखती घेऊन आयांचा वेळ घालवणं योग्य नाही. मॅडमना हे पटवायला माझं उत्तर दाखवलंत तरी चालेल.

सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्टं अशी लिहून बघा. एक, कमी वजनाच्या बाळांच्या आयांचं कांगारू केअरचं ज्ञान आणि प्रत्यक्ष दिलेले तास मोजणं आणि त्यांचा संबंध पाहणं. दोन, ज्यांचं ज्ञान आणि तास जुळत नाहीत अशा आयांचा अनुभव समजून घेणं. तीन, त्या अनुभवांतून पहिल्या उद्दिष्टातले आकडे कितपत उलगडतात हे जोडतक्त्यातून मांडणं. तिसरं उद्दिष्ट गाळू नका, मॅडम तेच शोधत होत्या. मिश्र पद्धतीचा अभ्यास कसा मांडावा यासाठी २००८ पासून ग्रॅम्स नावाची सहा मुद्द्यांची सूची वापरात आहे. लायब्ररीत काढून घ्या आणि लिहिताना शेजारी ठेवा.

या आठवड्यात मात्र दुसरं काही करू नका. परवानगी घेऊन तुमच्या वॉर्डातले केएमसी चार्ट बघा आणि एका रात्रपाळीत दर तासाला फेरी मारून टिपून ठेवा. हा डेटा प्रबंधात घ्यायचा नाही, फक्त तुमच्या नजरेसाठी. मग ते कागद घेऊन गाइड मॅडमसमोर बसा.